गच्चीवरची अवकाशधूळ आणि यूएसबी मायक्रोस्कोप: दोन महिन्यांच्या वापरानंतर

पन्हळीत साचलेल्या गाळातून सूक्ष्म उल्का, म्हणजे अवकाशातून पडलेले धुळीएवढे कण, शोधायच्या, एवढ्या एकाच कामासाठी मी दीड हजार रुपयांच्या आतला हा बिननावाचा मायक्रोस्कोप घेतला. छपरांवरच्या गाळात योन लार्सन या नॉर्वेजियन संगीतकाराला मिळालेला कण अवकाशातलाच असल्याचे लंडनचे शास्त्रज्ञ मॅथ्यू गेंज यांनी 2015 मध्ये निश्चित केले, तेव्हापासून शहरात असे कण शोधणे व्यर्थ आहे हा समज मागे पडला.

खोक्यावर ‘1000 पट’ छापले आहे, ते खरे नाही. भिंगाखाली पोलादी पट्टी ठेवली, तेव्हा सर्वाधिक वर्धनाला दीड मिलिमीटर भाग 30 सेंटिमीटर रुंद पडद्यावर मावला, म्हणजे 200 पट. कण साधारण 0.3 मिलिमीटरचे असल्याने तेवढे पुरते. खरी अडचण दिव्यांची आहे: गुळगुळीत कणावर आठही दिवे ठिपक्यांसारखे चमकतात आणि पृष्ठभाग दिसतच नाही. भिंगाभोवती बटर पेपरची पट्टी गुंडाळली, की चकाकी बरीच कमी होते.

हे कण गाळातून चुंबकाने वेचतात, पण आपल्याकडे चुंबकाला काळ्या पाषाणातली मॅग्नेटाइट या लोहखनिजाची रेतीच मूठभर चिकटते. म्हणून चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवावा, गोळा झालेली रेती धुऊन वाळवावी आणि तिरप्या कागदावर हलकेच टिचकी मारत सोडावी. गोल कण आधी घरंगळतात. मात्र वेल्डिंगच्या ठिणग्या आणि फटाके यांतूनही असेच गोल कण तयार होतात, त्यामुळे दिवाळीआधीचा गाळ घेतलेला बरा.

सेकंदाला किमान 11 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरलेला कण काही सेकंदांत वितळतो, पृष्ठताणामुळे गोल होतो आणि भराभर थिजताना त्यात ऑलिव्हिन या खनिजाचे समांतर पट्टे उमटतात. माझ्या अकरा गोल कणांपैकी एकावर, बाजूने प्रकाश टाकल्यावर, तसे बारीक पट्टे दिसले. त्या संध्याकाळी मी जेवायलाही उठलो नाही. तरीही त्याला मी उल्का म्हणत नाही. लीड्स विद्यापीठात उल्काधूळ टंगस्टनच्या पट्टीवर तापवून वातावरणप्रवेशाची नक्कल केली जाते. त्यात सोडियम आधी उडून जातो, मग लोह आणि कॅल्शियम सर्वांत शेवटी. तापण्याची ही खूण कणाच्या रासायनिक घडणीत असते, आणि ती वाचायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो.

गाळातून संभाव्य कण निवडण्यासाठी हे उपकरण अवश्य घ्यावे. स्टँड मात्र डुगडुगतो. मी तो लाकडी फळीला स्क्रूने आवळून टाकला आहे.