४८ अंड्यांचं इनक्युबेटर सोलापुरात: हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा पाहून झाल्यावर

आधी निकाल सांगते, मग गाऱ्हाणी. अंडी उबवायचं हे मशीन ठीक आहे, घरगुती कामाला पैसे वसूल होतात. पण खोक्यातून निघणारा माहितीचा कागद सोलापूरची हवा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला नाही. त्यावर आणि डिस्प्लेवरच्या आकड्यांवर डोळे झाकून विसंबलं, तर एकविसाव्या दिवशी अर्धवट फोडलेली अंडी बघत बसायची वेळ येते. हा रिव्ह्यू मुख्यतः त्या अडलेल्या पिल्लांबद्दल आहे, कारण बाकी सगळं दुकानदार सांगतोच.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एकाच साच्यातली ही पांढरी-पिवळी मशीनं पाच-सहा नावांनी मिळतात. माझं ४८ अंड्यांचं, पंखा असलेलं, अंडी आपोआप फिरवणारं आहे. खाली पाण्याच्या दोन पन्हाळ्या आणि मागे १२ व्होल्टची बॅटरी जोडायची सोय. कोंबड्या मोहोळकडे शेतावर, सासू-सासऱ्यांकडे. मशीन इथे शहरात, जुळे सोलापूर भागात. अंडी गावरान, थोडी वनराजा या सुधारित जातीची.

पहिली तक्रार अंडी फिरवणाऱ्या रोलरची. ते फार्मच्या मोठ्या अंड्यांच्या मापाचे आहेत. आमचं गावरान अंडं ४०-४५ ग्रॅमचं, दोन दांड्यांच्या फटीत रुतून बसतं आणि दांडी फिरली तरी जागचं हलत नाही. पेन्सिलने अंड्याच्या एका बाजूला फुली मारा आणि दोन तासांनी बघा, लगेच कळतं. अंडं फिरलं नाही की आतला जीव पापुद्र्याला चिकटतो, किंवा शेवटी डोकं भलत्या बाजूला येतं. मी दांड्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबची कडी चढवली, तेव्हा लहान अंडीही फिरायला लागली.

तापमानाचा सेन्सर तसा बरा निघाला. कंपनीने ३७.८ लावून दिलं होतं. पंख्याच्या मशीनला ३७.५ पुरतं, म्हणून तेवढं केलं. खात्री करायला मेडिकलमधला तापाचा डिजिटल थर्मामीटर अंड्यांवर आडवा ठेवावा. तो नेमक्या याच आकड्यांच्या आसपास अचूक असतो आणि महागही नाही. माझ्या मशीनचा एक कोपरा अर्ध्या अंशाने गरम निघाला, मग दर दोन-तीन दिवसांनी कडेची अंडी मध्ये आणि मधली कडेला सरकवायची सवय लावून घेतली.

दमटपणाचा आकडा मात्र साफ थापा मारतो. तपासायची पद्धत सोपी आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी टाकून ओल्या वाळूइतपत करायचं आणि सुट्या हायग्रोमीटरसोबत (दमटपणा मोजायचा मीटर) घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवायचं. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. जितका फरक, तितकी दुरुस्ती मनात धरायची. असा तपासलेला सुटा मीटर मशीनमध्ये ठेवला, तर तो ४२ म्हणत होता आणि डिस्प्लेवर ५५ झळकत होते. एवढ्या फरकात अख्खी बॅच वाळते.

हिवाळ्यात काही त्रास झाला नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास बसवलेली बॅच वेळेवर फुटली. रात्री गारठा असायचा, पण हीटर ते काम सहज करतो.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये. या मशीनला तापवता येतं, गार करता येत नाही, आणि हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं. दुपारी बाहेर ४२ आणि स्लॅबखालच्या खोलीत ३८-३९ असेल तर हीटर बंद असूनही आतला आकडा चढतच जातो. त्यात चौदाव्या-पंधराव्या दिवसानंतर अंडी स्वतःच उष्णता टाकायला लागतात. अलार्म वाजतो, पण नुसतं वाजून काय होणार? गर्भाला थंडीपेक्षा उष्णता जास्त बाधते. तीन-चार तास ३२ अंशांवर राहिलं तर वाढ मंदावते, पिल्लं उशिरा निघतात, एवढंच. तेच ४०.५ च्या वर अर्धा तास गेला तरी जबर नुकसान होतं. आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, हे फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "चैत लागला की आमी कोंबडी बसवत न्हाई बघ. अंडी नासत्यात." त्यांना आकडे ठाऊक नव्हते, पण खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी कोंबडी दिसली तरी त्या दिवसांत तिच्याखाली अंडी ठेवायची नाहीत, हा घरचा नियमच होता.

तरीही बसवायचीच असतील तर मशीन घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीवर ठेवा. आमच्याकडे ती जागा जिन्याखाली निघाली. खोलीत कूलर लावला की तापमानही उतरतं आणि हवाही ओलसर होते. फक्त झोत थेट मशीनवर नको.

उन्हाळ्यात अंडी साठवतानाच अर्धा खेळ बिघडतो. तापमान २७ च्या वर गेलं की आतली वाढ हळूहळू सुरू होते. ती मशीनशिवाय, अर्धवट उष्णतेत सुरू झाली की थांबत-अडखळत गर्भ कमजोर होतो. मोहोळहून एसटीने आलेली, आठवडाभर फळीवर ठेवलेली अंडी सातव्या दिवशी टॉर्चच्या उजेडात धरली तर कित्येकांत लाल कडं दिसलं, म्हणजे जीव धरून सुरुवातीलाच मेलेली. आता आत्या ती ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात ठेवतात, निमुळतं टोक खाली, आणि तीन-चार दिवसांच्या वरची अंडी मी घेतच नाही. अंडी धुवायची नाहीत, हेही त्यांना एकदा सांगावं लागलं. पाहुण्यांकडे द्यायची म्हणून त्यांनी ती लख्ख करून पाठवली होती. धुतल्यावर कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि छिद्रांतून जंतू आत शिरतात.

आता मुख्य मुद्दा. पिल्लं अडतात ती बहुतेक वेळा पाण्याच्या हिशोबामुळे, आणि हा हिशोब डिस्प्लेपेक्षा तराजूवर चांगला कळतो. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १२ टक्के घटलं पाहिजे. तेवढं पाणी उडालं की रुंद टोकाकडची हवेची जागा पुरेशी मोठी होते आणि पिल्लाला पहिला श्वास घ्यायला, वळायला वाव मिळतो. मी दर बॅचला दहा अंड्यांवर खुणा करते आणि ती एकत्र किचनच्या डिजिटल काट्यावर तोलते. सुरुवातीला ४५० ग्रॅम भरली तर सातव्या दिवशी ४३०, चौदाव्या दिवशी ४०८ आणि अठराव्या दिवशी ३९६ च्या आसपास यायला हवीत. एप्रिलमध्ये सातव्या दिवशीच काटा ४२० वर आला होता. म्हणजे अंडी झपाट्याने वाळत होती आणि डिस्प्ले सगळं आलबेल असल्याचं सांगत होता.

पन्हाळीत जास्त खोल पाणी भरून काही होत नाही. वाफ पाण्याच्या पृष्ठभागावरून होते, खोलीवरून नाही. एक पन्हाळी कमी पडली तर दुसरीही भरायची. तरी भागत नसेल तर भांडी घासायचा नवा स्पंज तिच्यात उभा करायचा, म्हणजे ओला पृष्ठभाग वाढतो. पाणी कोमट करून आणि बाहेरच्या नळीतून घालायचं, झाकण उघडून नाही.

शेवटचे तीन दिवस. अठराव्या दिवशी रोलर काढून जाळी टाकायची, फिरवणं बंद, दमटपणा ६५ ते ७० आणि हवेची भोकं पूर्ण उघडी. पिल्लू आधी आतला पापुद्रा फोडून हवेच्या जागेत चोच घालतं. तेव्हा अंडं कानाशी धरलं तर चिवचिव ऐकू येते. मग कवचाला बाहेरून टवका उडतो, आणि यानंतर सगळं थांबल्यासारखं वाटतं. बारा तास, कधी चोवीस तास काहीच हालचाल नाही. याच वेळात पापुद्र्याच्या शिरांतलं रक्त पिल्लाच्या अंगात ओढलं जातं आणि उरलेला बलक पोटात जातो. घरातली माणसं इथेच धीर सोडतात. आमच्याकडे धाकट्याला आणि त्याच्या बाबांना झाकणापासून लांब ठेवणं हेच मोठं काम होतं. दर वेळी झाकण उघडलं की दमट हवा निघून जाते आणि टवका उडालेली बाकीची अंडी वाळायला लागतात.

एप्रिलच्या त्या बॅचमधलं एक अंडं अजून डोळ्यांसमोर आहे. संध्याकाळी टवका उडाला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही भोक तेवढंच, चोचीचं टोक मात्र उघडमीट करत होतं. भोकाच्या कडेचा पापुद्रा पांढरा, लवचिक असायला हवा. तो तपकिरी पडून दुधावरच्या वाळलेल्या सायीसारखा पिसांना चिकटला होता. आत पिल्लू आवळलं गेलं होतं, मान फिरवायला जागाच नव्हती. अशा वेळी, आणि टवक्याला चोवीस तास उलटून गेले असतील तरच, मी हात घालते. एकच अंडं बाहेर, झाकण लगेच बंद. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफ करायची. कानात घालायची कापसाची काडी कोमट पाण्यात बुडवून, नीट पिळून पापुद्र्यावर फिरवायची. नाकपुडीजवळ पाणी जाता कामा नये. मग फक्त हवेच्या जागेवरचं कवच नखाने कणाकणाने उचलायचं. कुठे लाल शीर दिसली किंवा रक्ताचा ठिपका आला की तिथेच थांबून अंडं परत मशीनमध्ये. एप्रिलच्या त्या अंड्यात शिरांत रक्त होतं, म्हणून रात्री पुन्हा बघितलं. तोपर्यंत त्या फिकट झाल्या होत्या. डोकं आणि एक पंख मोकळा केला, बाकीचं त्याने पायांनी ढकलून स्वतः केलं. उरलेलं कवच ओढून काढायचं नाही, बलक पूर्ण आत गेला नसेल तर तिथेच जीव जातो.

सगळ्यांनाच अशी मदत करावी असं मला वाटत नाही. काही पिल्लं मुळातच अधू असतात आणि बाहेर काढली तरी दोन दिवसांत जातात. पण वाळल्यामुळे आवळलेलं पिल्लू धडधाकट असतं, त्याच्यासाठी अर्धा तास घालवायला हरकत नाही.

तेवीस दिवस उलटले की न फुटलेली अंडी फेकू नका, अंगणात नेऊन फोडा. वास सोसायचा असेल तर सोसा, पण मशीनचं खरं प्रगतिपुस्तक तिथेच मिळतं. पूर्ण वाढलेलं पिल्लू, टवका नाही आणि पापुद्रा अंगाला चिकटलेला, तर कोरडेपणा. चिकट, ओलंचिंब, फुगलेलं पिल्लू आणि हवेची जागा चिमूटभर, तर दमटपणा जास्त. डोकं निमुळत्या टोकाकडे, तर अंडं उलटं ठेवलं गेलं किंवा नीट फिरलं नाही. बेंबी उघडी आणि पिल्लं एकोणीस-विसाव्या दिवशीच बाहेर, तर उष्णता जास्त; बाविसावा-तेविसावा उजाडला तर कमी.

जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर चित्र उलटं झालं. उन्हाळ्यात बसलेल्या सवयीने दोन्ही पन्हाळ्या भरल्या जात होत्या आणि चौदाव्या दिवशी खुणा केलेली दहा अंडी ४०८ ऐवजी ४२० भरली. पहिले अठरा दिवस एका पन्हाळीत अर्धंच पाणी ठेवायला लागल्यावर वजन रुळावर आलं. एकच आकडा वर्षभर धरून चालत नाही. पावसाळ्यातल्या बॅचमध्ये आणखी एक त्रास, काही पिल्लांचे पाय फाकलेले. मशीनची प्लास्टिकची जाळी गुळगुळीत आहे, पाय घसरतात. आता तिच्यावर गोणपाटाचा तुकडा अंथरते. फाकलेले पाय चिकटपट्टीने योग्य अंतरावर बांधून दोन-तीन दिवस ठेवले की सुधारतात, पण ते पहिल्याच दिवशी करायला हवं.

विजेचं सांगायचं तर बॅटरीची सोय हा या मशीनचा सगळ्यात चांगला भाग. लाइट गेली की आपोआप बॅटरीवर जातं. बॅटरी नसेल तर हिवाळ्यात सोलापुरी चादर पांघरायची, हवेची भोकं सोडून. उन्हाळ्यात उलट झाकण किलकिलं करायचं, कारण पंखा थांबला की आतलं पिल्लू वाढलेल्या अंड्यांची उष्णता आतच कोंडते. फिरवायची मोटर पावसाळ्यात कुरकुरायला लागली. पिसांचा भुसा गिअरमध्ये अडकला होता, उघडून ब्रशने साफ केली आणि चालू झाली. दुकानदाराने मात्र "मोटर वॉरंटीत येत नाही" असं सांगून फोन ठेवला.

वर्षाला शे-दीडशे पिल्लं काढायची असतील, घरात गार जागा असेल आणि काटा घ्यायची तयारी असेल तर घ्या. सुटा हायग्रोमीटर आणि काटा धरून आणखी हजारभर रुपये बाजूला ठेवा. नोकरीमुळे दुपारी घरी कुणी नसेल तर मार्च ते मे मशीन बंदच ठेवा. मी पुढच्या वर्षी तेच करणार आहे, आणि थर्माकोलच्या खोक्यात वेगळा हॅचर, म्हणजे शेवटच्या तीन दिवसांची पेटी, बनवायचा विचार चालू आहे, म्हणजे शेवटच्या तीन दिवसांचा दमटपणा बाकीच्या अंड्यांना भोगावा लागणार नाही. कुणी असा हॅचर उन्हाळ्यात चालवला असेल तर पंखा कुठे बसवला ते सांगा.