आत्याचा शिवणाचा डबा: आठ महिने वापरल्यावर

आत्या गेल्यावर तिचा शिवणाचा डबा माझ्याकडे आला, कारण घरात हौसेने सुई धरणारी मी एकटीच. कपाटात शोभेला ठेवायचा नाही, वापरायचा, असं तेव्हाच ठरवलं. गेले आठ महिने मी शक्यतो त्याच डब्यातल्या वस्तूंनी शिवते आहे. कोणाला असाच वारसा मिळाला असेल तर उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहिते, फसलेलंसुद्धा.

झाकण उघडलं आणि कापराचा वास आला. कसर लागू नये म्हणून आत्याने वड्या ठेवल्या असतील असं वाटलं. सगळा डबा उपसला, वडी एकही नाही. वास येत होता तो पिवळट, हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या सुयांच्या नळीला. अंगठ्याने जोरात घासली की वास आणखी वाढायचा. ही नळी सेल्युलॉइडची. 1870 च्या आसपास बाजारात आलेलं हे प्लास्टिक बनवताना त्यात कापूरच घालत. ते जुनं होऊन कुजायला लागलं की आम्लाच्या वाफा सोडतं आणि शेजारचं लोखंड गंजवतं. नळीतल्या सुयांचा अक्षरशः एक गठ्ठा झाला होता, बाजूच्या क्रोशाच्या दोन सुयाही गेल्या. त्याच डब्यात दुसऱ्या टोकाला, लोकरीच्या कापडात खोचलेल्या सुया मात्र कालच आणल्यासारख्या. सेल्युलॉइड पेटही चटकन घेतं, तेव्हा अशी वस्तू सापडली तर आधी डब्याबाहेर काढा आणि विस्तवापासून लांब ठेवा.

आता मोठी कात्री. हिच्यावर मी सर्वात जास्त वेळ घालवला आणि सर्वात जास्त चिडलेही. दहा इंची, घडीव पोलादाची, हातात घेतली की मनगटाला जाणवेल इतकी जड. मुठी वाकवलेल्या, म्हणजे खालचं पातं टेबलाला टेकूनच सरकतं आणि कापड उचललं जात नाही. दिसायला राजेशाही, पण कापेल तर शपथ! कापड दोन पात्यांमध्ये दुमडून बसायचं. वर अंगठ्याच्या मुळाशी मूठ अशी रुतायची की दहा मिनिटांत वळ उठत.

धार गेली असणार म्हणून लावून आणली. फरक शून्य. मधला स्क्रू घट्ट केला तर ती उघडेना, सैल केला तर पाती लडबडायला लागली. गंज आत शिरला असेल म्हणून बारीक स्टील वूलने घासून मशिनचं तेल घातलं. तेल शिलाई मशिनचंच घ्या. खायचं तेल काही दिवसांत चिकट होतं, मग ते काढायला रॉकेल लागतं. एवढं करूनही कात्री जशीच्या तशी. चौथ्या महिन्यात मी तिच्या नावाने आंघोळ केली आणि माझी नेहमीची कात्री घेतली.

मग एकदा भाची आली होती. तिला प्रोजेक्टसाठी कापडाचे तुकडे हवे होते. जवळ पडलेली तीच कात्री उचलून तिने सुतीचं दुहेरी कापड सरकन कापलं, लोण्यासारखं. भाची डावखुरी आहे.

कात्रीचं टोक समोर करून धरा. उजव्या हाताच्या कात्रीत वरचं पातं उजवीकडे असतं. आत्याच्या कात्रीत ते डावीकडे होतं. कात्री मिटताना अंगठा आणि बोटं नकळत पात्यांना आडवाही जोर देतात. योग्य हातात त्या जोराने पाती एकमेकांना घासून चालतात, चुकीच्या हातात फाकतात आणि मधे कापड शिरतं. धारेचा काही संबंधच नव्हता. मी चार महिने डावखुऱ्यांची कात्री उजव्या हाताने चालवत होते.

बाबांना विचारलं, तर म्हणाले, छे, ताई उजवीच! लिहायची उजव्याने, जेवायची उजव्याने. तेही खरंच, मीही तसंच पाहिलंय. फक्त कापड बेतायला बसली की आत्या आम्हा पोरांना खोलीबाहेर काढून दार लोटून घ्यायची. मधे बोललेलं चालत नाही, म्हणायची.

टेपनेही मला एक ब्लाउज वाया घालवून शिकवलं. कापडी टेप, साठ इंची. मी या टेपने अंगाचं माप घेतलं आणि कापडावर खुणा मात्र स्टीलच्या पट्टीने केल्या. ब्लाउज छातीत अर्धा इंच घट्ट! मग टेप पट्टीशेजारी पसरली, तर तिचे साठ इंच म्हणजे खरे पावणेएकसष्ट. वर्षानुवर्षं ओढून ओढून ती ताणली होती, त्यामुळे छत्तीसची छाती साडेपस्तीस दाखवायची. आत्याचे कपडे अंगाला चपखल बसायचे ते कसे? ती अंगही त्याच टेपने मोजायची आणि कापडही, म्हणजे चूक दोन्हीकडे सारखीच. तिच्या वहीतली मापं त्या टेपच्या इंचांतली आहेत, म्हणून टेप ठेवली आहे, पण फक्त त्या वहीसाठी. जुनी टेप आधी पट्टीशी ताडून बघा.

काजाची छोटी कात्री मात्र या डब्यातला हिरा. पाती खिळ्याजवळ खाचलेली आहेत. कापडाची कड त्या खाचेत बसते, म्हणून कड शाबूत राहून आतच चीर पडते. चीर किती लांब हवी ते बाजूच्या स्क्रूने ठरवायचं. सहा काजं, सहाही एका मापाची. पूर्वी मी ब्लेडने करायचे, त्यात एकदा काजाची चीर थेट कडेपर्यंत गेली होती.

अंगुस्तान वरून उघडं आहे, शिंप्यांचं असतं तसं. सुई बोटाच्या टोकाने न ढकलता कडेने ढकलावी लागते. सवय व्हायला तीन आठवडे गेले. टाचण्यांच्या गादीला लटकणारी छोटी स्ट्रॉबेरी लहानपणी मला शोभेची वाटायची. तिच्यात एमरीची भुकटी असते, सुई दोनचारदा खुपसली की गंज उतरतो. भारी गोष्ट आहे, नवीन गाद्यांना ती नसते तेव्हा चुकल्यासारखं होतं.

लाकडी रिळांवरचा दोरा बघून जीव हरखला होता, पण हातभर ओढून झटका दिला की तुटतो. पक्क्या शिलाईला बाद. कच्चे टाके घालायला मात्र छान, उसवताना ओढला की निघून येतो. सुयांच्या पाकिटावरचे आकडे बघताना एक लक्षात ठेवा: हातशिलाईच्या सुयांत नंबर वाढला की सुई बारीक, मशिनच्या सुयांत वाढला की जाड. दहा नंबरची सुई जाड असेल म्हणून गोधडीला घेतली होती, नेढ्यात दोरा जाईना.

मोठी कात्री भाचीला देऊन टाकली, पण ती राहते माझ्याकडेच, कारण तिच्या घरी शिवण कोणी करत नाही. सध्या बेतायचं मी, कापायचं तिने, शिवायचं मी, अशी वाटणी आहे. ती नववीत आहे, त्यामुळे सहामाही संपेपर्यंत दोन कुर्त्यांचं कापड खुणा करून तसंच पडलंय.