पुणे–दुबई थेट विमान: आठ महिन्यांनंतर

काल धाकट्या दिरांचं मुंबईहून दुबईला जाणारं विमान चुकलं. खंडाळ्याच्या घाटात कंटेनर आडवा झाला आणि चार तास गाडी जागची हलली नाही. तिकिटाचे पैसे बुडाले, नवं घ्यावं लागलं. गेल्या वर्षापर्यंत मीही मुंबईहूनच जायचे, म्हणून आज लिहायला बसले.

लेक दुबईत असते. जानेवारीत तिच्या बाळंतपणाला गेले, मग एप्रिलमध्ये, मग जुलैत. तिन्ही वेळा लोहगावहून थेट.

अंतराचं आधी सांगते. हवाई मार्गाने मुंबई–दुबई साधारण १,९३० किलोमीटर, पुणे–दुबई २,०५०. जास्तीचे १२० किलोमीटर विमान नऊ-दहा मिनिटांत कापतं. तेवढ्यासाठी आपण दीडशे किलोमीटर रस्त्याने सहारला जातो! थेट तिकीट मला दर वेळी अडीच-तीन हजारांनी महाग पडलं. पण नुसती टॅक्सीच साडेतीन हजार घेते, शिवाय घाटाच्या धास्तीने निम्मा दिवस आधी घर सोडायचं. वहीत हिशेब मांडला तेव्हा मुंबईचं तिकीट स्वस्त कधी नव्हतंच हे दिसलं.

तिकिटावरच्या वेळेने मात्र घोळ होतो. सव्वानऊला निघून अकराला पोहोचणार, हे वाचून घरात सगळ्यांना वाटलं, पावणेदोन तासांत दुबई. तिथलं घड्याळ आपल्यामागे दीड तास आहे. खरा प्रवास सव्वातीन तासांचा, आणि त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणंही आलं.

चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंतची वेळ मी दर फेरीला लिहून ठेवते. जानेवारीत जाताना २ तास ५६ मिनिटं, येताना २ तास ३१. पंचवीस मिनिटांचा फरक! मला वाटलं, जाताना उगाच हळू नेतात, आणि तशी तक्रारही मी केली होती. ती आता मागे घेते. हिवाळ्यात उत्तर भारतावरून उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. पावसाळ्यात हा पट्टा हिमालयापलीकडे सरकतो. जुलैत माझ्या वहीत जातायेता जेमतेम दोन मिनिटांचा फरक निघाला.

बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू नेणार असाल तर खसखस घालू नका. तिकडे तिला बंदी आहे, थोडीसुद्धा चालत नाही.

राग एकाच गोष्टीचा आहे. जुलैत लोहगावला दोन तास बसवून ठेवलं आणि फलकावर शेवटपर्यंत ‘वेळेवर’ झळकत होतं. धावपट्टी हवाई दलाची आहे, सगळंच कंपनीच्या हातात नसतं, हे मान्य. पण खरं सांगणं तर हातात होतं ना? शेजारी एक आजी गोळ्या घ्यायच्या म्हणून जेवणाची वेळ विचारत होत्या, त्यांना कोणी धड उत्तर दिलं नाही. त्याचा एक तारा कापला. पाचपैकी चार.

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला जानेवारीत जायचंय. तिकीट लोहगावचंच काढलंय. अकराला पोहोचतं असं त्यावर छापलंय, पण वारा समोरून असणार, म्हणून लेकीला सव्वाअकरा सांगितलंय.