सहा रंग, एक ब्रश आणि सुती कागद : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

जलरंगांच्या सामानाबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक खोकं उघडल्या दिवशीचं असतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये ब्रश पुढे सरकेपर्यंत मागचं पाणी वाळलेलं असतं आणि जुलैमध्ये तेच पाणी तासभर कागदावर तसंच उभं राहतं. त्यामुळे सामान घेतल्यावर दोन्ही ऋतू जाऊ दिले आणि मगच लिहायला बसले. खरेदी फेब्रुवारीतली, आता गणपती होऊन गेलेत. चित्रं सगळी भोर आणि वाईच्या आसपासची : घरातली भांडी, ओसरी, नदीचे घाट, भाताची खाचरं.

सामान थोडकंच आहे. पत्र्याची एक छोटी पेटी, तिच्यात ट्यूबमधून भरून वाळवलेले सहा रंग : लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा), थॅलो ब्लू (हिरवट झाक असलेला जर्द निळा) आणि क्विनाक्रिडोन रोज (गुलाबी). आठ नंबरचा गोल सिंथेटिक ब्रश. वॉटरप्रूफ शाईचं बारीक टोकाचं पेन. ३०० जीएसएमचा म्हणजे चांगला जाड, शंभर टक्के सुती, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत कागद. शिवाय सनबोर्डाचा, म्हणजे हलक्या फोमच्या फळीचा तुकडा, चिमटे आणि घडीचं स्टूल.

कागदापासून सुरुवात करते, कारण पैसे घालायचे तर ते इथेच घालावेत असं माझं ठाम मत झालं आहे. लाकडाच्या लगद्याच्या कागदावर पहिला थर बरा बसतो, पण त्यावर दुसरा फिरवला की खालचा सुटून येतो आणि सगळं गढूळ होतं. सुती कागद पाणी आत धरून ठेवतो, त्यामुळे वरचा ओलावा जास्त वेळ टिकतो आणि वाळलेला थर जागचा हलत नाही. याची किंमत उन्हाळ्यात कळते. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे, काळ्या दगडाचा. सकाळी नऊनंतर तो तापायला लागतो. तिथे लगद्याच्या कागदावर आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग हात, निम्म्यावर येईस्तोवर वरची कड वाळून रेघ उमटते, ती मग काही केल्या जात नाही. सुती कागद दोन्ही बाजूंनी ओला करून सनबोर्डावर थापला, की दहा-पंधरा मिनिटं तरी हाताशी मिळतात. आकाश, पलीकडची झाडी आणि पाण्यातलं प्रतिबिंब एका ओलीत उरकायला तेवढी पुरतात.

तयार पॅडपेक्षा २२ बाय ३० इंचांचा पूर्ण ताव घेणं परवडतं. त्याचे साडेसात बाय अकरा इंचांचे आठ तुकडे होतात आणि पाठीवरच्या पिशवीत मावतात. महाग आहेच. पण दोन्ही बाजू वापरता येतात, आणि मी मागची बाजू सर्रास वापरते.

पावसाळ्यात या कागदाला जपावं लागतं आणि हे कोणी फारसं सांगत नाही. चांगल्या जलरंगाच्या कागदाला साइझिंग म्हणजे एक प्रकारची खळ दिलेली असते, बऱ्याचदा जिलेटिनची. त्याच्यामुळे रंग वरच्या वर राहतो. कागद दमट कपाटात पडून राहिला की साइझिंग जागोजागी मरतं. वरून काहीच दिसत नाही, वॉश टाकला की मात्र तेवढ्याच ठिपक्यांवर रंग टीपकागदासारखा आत ओढला जातो आणि आकाशाला पुरळ उठतं. यावर इलाज नाही, काळजी तेवढी घेता येते. मृगाच्या आधी सगळे तुकडे झिपच्या पिशवीत घालून स्टीलच्या डब्यात ठेवले, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करायचे. डब्यातला कागद ऑगस्टअखेर ठणठणीत होता.

रंगांचा अनुभव याच्या उलटा आहे. उन्हाळ्यात ते कडक वाळतात, काही वड्यांना भेगा पडतात, क्वचित तुकडे पेटीत खुळखुळतात. भरताना ट्यूबच्या रंगात ग्लिसरीनचा एखादा थेंब कालवला तर हे टळतं. पावसाळ्यात मात्र वड्या चिकट राहतात आणि पेटी ओली बंद केली की चार दिवसांत पांढरी बुरशी धरते, कारण रंग बांधलेला असतो तो गोंदात. आता घरी आल्यावर पेटी रात्रभर पंख्याखाली उघडी ठेवते आणि वडी भरतानाच औषधाच्या दुकानात मिळणारं लवंगेचं तेल अगदी थेंबभर घालते. जुलै-ऑगस्टमध्ये बुरशी दिसली नाही.

सहाच रंग का, हे बऱ्याच जणांनी विचारलं. भोरकडच्या खेड्यात चित्र काढायला बसलं की यातले दोनच सर्वाधिक संपतात, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. हे दोन्ही मिसळून जो राखाडी होतो त्यात दगड, कौलांच्या सावल्या, पावसाचे ढग, म्हशी, सगळं येतं. निळा जास्त केला तर थंड, सिएना जास्त केला तर ऊबदार. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खड्ड्यांत उतरून बसतात, त्यामुळे सपाट वॉशलासुद्धा दगडाचा खरखरीतपणा येतो. मेणवलीच्या पायऱ्या यानेच जमल्या.

राब भाजतात तेव्हाचे दिवस या दोन रंगांसाठीच आहेत असं मला वाटतं. पावसाआधी रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून पेटवतात. उतरणीवर सगळं पिवळट वाळकं गवत, आणि मधेच राखेचे काळे-करडे चौकोन. गवताला ऑकरचा पातळ थर दिला, तो वाळल्यावर राखेचा करडा एकाच हाताने ओढला. धूर मात्र रंगवला नाही. टेकडीचा रंग वाळल्यावर ओल्या ब्रशने घासून, फडक्याने टिपून उचलला. अल्ट्रामरीन सहज उचलला जातो आणि सुती कागद घासणं सोसतो, म्हणून हे होतं. तिथे थॅलो ब्लू असता तर झालं नसतं, त्याचा डाग एकदा बसला की निघत नाही.

थॅलोचं काम पावसाळ्यात. तयार हिरवा मी मुद्दामच घेतला नाही. रोपाचा कोवळा, पोपटी हिरवा लेमन यलोत थॅलोचा कण घालून होतो. लावणी झालेल्या खाचरातला हिरवा त्याहून थंड, कारण त्यात पाणी आणि आभाळ दोन्ही दिसतं. बांधावरचा हिरवा ऑकर आणि अल्ट्रामरीनचा. आंब्याच्या दाट झाडाला थॅलोत सिएना. चिखलणीच्या पाण्याचा रंग तर गुलाबीकडे झुकणारा तपकिरी, तिथे क्विनाक्रिडोन रोजचा थेंब लागतो. हे सगळे हिरवे शेजारी शेजारी पडले की प्लॅस्टिकच्या निळ्या-पिवळ्या खोळी घेऊन वाकलेल्या बायका त्यात आपोआप उठून दिसतात. एरवी माणसांसाठी पेन्सिलीने धडपड करावी लागते, इथे दोन ठिपके पुरतात.

रोजच्या वस्तूंबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण पावसात बाहेर पडता येत नाही तेव्हा त्याच हाताशी असतात. शेजारच्या काकूंची पितळी कळशी मागून आणली. त्या म्हणाल्या, "थांब, चिंचेनं घासून देते." मी म्हटलं, "काकू, राहू द्या, अशीच हवी." डागाळलेल्या पितळेत हिरवट, तांबूस, काळपट असे कितीतरी रंग असतात, घासलेल्या पितळेत नुसती चमक. आधी चमकीच्या दोन जागा पेन्सिलीने नेमक्या आखून घेतल्या, कारण जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. मग सगळीकडे ऑकर, तो ओला असतानाच खालच्या पोटात सिएना सोडला. कळशीच्या गळ्याखाली उंबऱ्याचं आणि दाराचं वाकडं प्रतिबिंब होतं, ते वाळल्यानंतर गडद करड्याने. हा गडद पट्टा बसेपर्यंत कळशी मातीची वाटत होती. धातू पिवळ्याने दिसत नाही, गडद आणि कोऱ्या कागदाच्या कडा एकमेकींना टेकतात तिथे तो दिसतो. स्टीलच्या पेल्याला तर स्वतःचा रंगच नसतो, सगळा भोवतालच रंगवायचा.

कोऱ्या कागदाचा उजेड कुठवर जातो हे पाहायचं असेल तर सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर यांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र बघा. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात दिवा घेतलेली तरुणी, दिव्यावर आडवा धरलेला हात, बोटांतून झिरपणारा उजेड, आणि हे सगळं जलरंगात. तेलरंगात उजेड शेवटी वर चढवता येतो, इथे तो पहिल्यापासून राखून ठेवावा लागतो. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी तिथली रंकाळा आणि कोटितीर्थ ही तळी रंगवली, तेही घराजवळचंच पाणी. आपल्या मातीत जलरंगाची एवढी मोठी वाट आधीच पडलेली आहे आणि नवीन शिकणाऱ्यांना ती फारशी दाखवली जात नाही, याचं वाईट वाटतं.

ब्रशबद्दल थोडक्यात. सिंथेटिकचं टोक सहा-सात महिन्यांत किंचित बोथटलं आहे, पण अजून चालतं. पाणी खऱ्या केसांइतकं धरत नाही, मोठ्या वॉशला दोनदा बुडवावा लागतो. तरीही कोणी मुंगसाच्या केसांचा ब्रश 'भारी आहे' म्हणून पुढे केला तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची विक्री बेकायदा आहे, आणि त्यासाठी मुंगसं मारली जातात.

पेन उन्हाळ्यात निर्धास्त वापरावं. पावसाळ्यात वॉटरप्रूफ शाईलाही वाळायला बराच वेळ लागतो. रेषा काढून चहा पिऊन यावं, मग पाणी लावावं. मास्किंग टेप दमट हवेत एक तर सुटते नाहीतर कागदाची साल घेऊन निघते. मी चिमट्यांवर आले आणि तिथेच राहीन.

नव्याने सुरू करणाऱ्याने चोवीस रंगांची पेटी घेण्याऐवजी आधी सुती कागदाचा एक ताव घ्यावा, आठ तुकडे करावे, आणि ऑकर, सिएना, अल्ट्रामरीन या तीन ट्यूबा घ्याव्यात. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असेल तर तो वाचावा : पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन. पीआर ८३ म्हणजे अस्सल अलिझरिन हा गडद लाल, तो उजेडात फिका पडतो, भिंतीवर लावायच्या चित्रात नको. म्हणूनच मी क्विनाक्रिडोन रोज घेतला. दिवाळीच्या सुमारास भात कापणीला येईल तेव्हा लेमन यलोची ट्यूब बहुधा संपलेली असेल. ती तीच पुन्हा घेणार आहे, आणि सोबत खारीच्या केसांचा मोठा ब्रश मिळतो तसाच सिंथेटिकमध्ये मिळाला तर तोही.