‘हॅचेट’ : अरण्यात निरखायला शिकणाऱ्या मुलाची कादंबरी

गॅरी पॉल्सन या अमेरिकी लेखकाची ‘हॅचेट’ ही १९८७ सालची कुमार-कादंबरी यंदाच्या पावसाळ्यात मी आमच्या गोव्यातल्या वाळपईच्या घरी माझ्या मुलीबरोबर वाचली. कथानायक ब्रायन तिच्याच वयाचा, म्हणजे १३ वर्षांचा आहे. कॅनडात वडिलांकडे निघालेला असताना लहान विमानाच्या वैमानिकाला हृदयविकाराचा झटका येतो, विमान एका तळ्यात कोसळते आणि निघताना आईने दिलेली, कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली एक हातकुऱ्हाड एवढ्या साधनावर तो अरण्यात ५४ दिवस काढतो.

कथासूत्र धाडसाचे असले तरी कादंबरीचा खरा विषय मला निरखणे हा वाटला. ब्रायनला बराच काळ रानपक्षी मारता येत नाहीत, कारण ते पायाशी येऊन उडेपर्यंत त्याला दिसतच नाहीत. पिसांचा रंग शोधणे सोडून तो पेरसारख्या बाह्याकाराकडे पाहू लागतो, तेव्हा तेच पक्षी त्याला जागोजाग दिसू लागतात. मासे मारतानाही त्याचा नेम चुकत राहतो. पाण्यात प्रकाश वळतो, म्हणून मासा दिसतो त्याच्या खाली नेम धरायला हवा, हे शाळेत शिकलेले ज्ञान त्याला उपाशीपोटी आठवते. विज्ञानाचा धडा असा भुकेतून समजावणारे पान माझ्या वाचनात क्वचितच आले आहे.

अग्नी पेटवण्याचे प्रकरण तर आम्ही दोनदा वाचले. रात्री निवाऱ्यात शिरलेल्या साळिंदरावर तो कुऱ्हाड फेकतो, ती दगडी भिंतीवर आदळते आणि ठिणग्या उडतात. पण ठिणगीतून ज्योत करायला त्याला पुढे कितीतरी वेळ लागतो. वाळलेले गवत पेटत नाही, खिशातली २० डॉलरची नोट फाडून तिचे तुकडे केले तरी ते पेटत नाहीत. शेवटी भूर्जाची साल केसाइतकी बारीक सोलून, तिचे घरटे करून, पडलेल्या ठिणग्यांवर हलकी फुंकर घातल्यावर जाळ धरतो. या प्रकरणात लेखक कुठेही घाई करत नाही. वाचणाऱ्याच्या बोटांनाही ती साल सोलल्यासारखी वाटते.

त्याच रात्री साळिंदराचे काटे पायात घुसल्यावर ब्रायन खूप रडतो, आणि रडून झाल्यावर काहीच बदललेले नाही हे त्याच्या ध्यानात येते. स्वतःची कीव करून रानात काही साधत नाही, हा विचार इथे कोणी वडीलधारा सांगत नाही, म्हणून तो मुलांना पटतो.

आमच्या सत्तरी तालुक्यात राहणाऱ्यांना हे निरखणे परके नाही. पावसात रोयणीवर, म्हणजे वारुळावर, उगवलेली अळमी काढायला गेलेली आमची माणसे कोणते अळंबे खायचे आणि कोणते सोडायचे, हे पाहून आणि हुंगून ठरवतात. मात्र हे ज्ञान त्यांना आईकडून, आजीकडून मिळालेले असते. ब्रायनजवळ असे कोणीच नाही. अनोळखी फळे खाऊन पोटात कळा येतात, तेव्हा त्याला धडा मिळतो. कादंबरीतली माझी मोठी तक्रारही याच ठिकाणी आहे. तिथले अरण्य अगदी निर्मनुष्य वाटते. पिढ्यान् पिढ्या त्या प्रदेशात राहणाऱ्या आदिवासींची चाहूलही कथेत लागत नाही. सत्तरीतल्या नानोडा गावच्या निरंकाराच्या राईत, म्हणजे देवराईत, ज्याने पाऊल टाकले आहे, त्याला माणसाच्या श्रद्धेवाचूनचे असे रान अपुरे वाटेल.

आईवडिलांच्या घटस्फोटाचा, ‘गुपिता’चा धागाही मला कच्चा वाटला. आईविषयीचे ते गुपित ब्रायनला वारंवार छळते, पण जगण्याच्या धडपडीत हळूहळू मागे पडते आणि शेवटी तो ते वडिलांना सांगतही नाही. मागे पडणे खरे असेलही, तरी लेखकाने त्याचा भार आधी इतका वाढवायला नको होता.

शेवटाकडचा एक प्रसंग मात्र फार मोलाचा आहे. वादळानंतर विमानाची शेपटी पाण्याबाहेर येते आणि आत ठेवलेली आपत्कालीन पेटी ब्रायनला मिळते. तिच्यात बंदूक असते, लायटर असतो. आनंदाबरोबरच त्याला अस्वस्थ वाटू लागते, कारण बंदूक हाती आली की पक्ष्याजवळ जाण्याची, त्याला ओळखण्याची गरज उरत नाही. साधन आणि जाणतेपण यांच्यातला हा ताण मुलीने स्वतःहून ओळखला. ती म्हणाली, “बाबा, आता तो बघायचं विसरेल.”

पुस्तकाचे इंग्रजी सोपे आहे, वाक्ये तुटक आणि पुनरुक्तीची आहेत. सहावी-सातवीच्या मुलांना ते झेपेल. तरी पालकांनी दोन ठिकाणी जवळ बसावे. शोधासाठी आलेले विमान परत फिरल्यावर ब्रायन जीव देण्याचा प्रयत्न करतो, तो भाग पहिला. आणि पाण्यात निसटलेली कुऱ्हाड शोधून विमानात शिरल्यावर त्याला वैमानिकाचा, माशांनी खाल्लेला चेहरा दिसतो, तो दुसरा. त्या पानाशी माझ्या मुलीने पुस्तक मिटले होते, आणि पुढचे आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात वाचले.