खान्देश ते मुंबई विमानतळ: रेल्वे की गाडी?

आंतरराष्ट्रीय विमान टर्मिनल २ वरून सुटतं. भुसावळ, जळगाव, चाळीसगावकरांनी रेल्वेच धरावी. ठाण्याला उतरा (प्रत्येक गाडी तिथे थांबत नाही, तिकीट काढतानाच पाहा), लोकलने घाटकोपर, मेट्रो १ ने मरोळ नाका. तिथे मेट्रो ३ पकडली की पुढचंच स्टेशन टर्मिनल २. दोन मोठ्या बॅगा असतील तर सकाळच्या गर्दीत लोकलचा नाद सोडा, ठाण्याहून टॅक्सी करा. मध्यरात्री मेट्रो नसते, तेव्हाही टॅक्सीच.

धुळेकरांना आग्रा रोडने गाडी बरी: सामान एकदाच चढवायचं, थेट टर्मिनलला उतरायचं. पण कसारा घाट आणि भिवंडी-ठाणे पट्ट्यात गाडी अडकते. दोन तास जास्तीचे धराच. चेक-इन काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो.