बक्कल बसवताना: शिकागो स्क्रू की रिव्हेट?

कंबरेच्या पट्ट्याचं बक्कल पुढेमागे बदलायचं असेल तर शिकागो स्क्रू घ्या, म्हणजे आतून आटे असलेली डोक्याची नळी आणि तिच्यात फिरवून बसवायचा स्क्रू. कायमचं बसवायचं असेल तर तांब्याचा भरीव रिव्हेट, म्हणजे ठोकून पसरवायचा डोक्याचा दांडा आणि त्याची चकती. बाजारात सगळ्यात जास्त मिळणारा दोन टोप्यांचा पोकळ रिव्हेट पाकिटाच्या कोपऱ्याला किंवा पिशवीच्या झाकणाला ठीक आहे, कंबरेच्या पट्ट्याला नको. त्याची टोपी पातळ पत्र्याची असते आणि सततच्या ओढीने ती निसटते.

तांब्याच्या रिव्हेटमध्ये बिघडण्यासारखं फार नसतं. भोक दांड्याइतकंच पाडा, दांड्यावर चकती चढवून ठोकून खालपर्यंत दाबा, चकतीवर दीड-दोन मिमी दांडा ठेवून बाकीचा कापा आणि गोल तोंडाच्या हातोडीने हलक्या ठोक्यांनी पसरवा. दांडा लांब राहिला किंवा भोक सैल पडलं की तो चामड्याच्या आतच वाकतो, वरून मात्र काम नीट दिसतं. काढायचा झाला तर डोकं कानशीने घासून उडवावं लागतं.

स्क्रूचं तसं नाही. ओढ त्याची नळी घेते, त्यामुळे तो तुटत नाही. तो सैल होतो आणि एक दिवस रस्त्यात गळून पडतो. याची मुख्य कारणं तीन आणि तिन्ही बसवतानाच टाळता येतात.

पहिलं कारण म्हणजे नळीची लांबी. साडेतीन मिमीचा पट्टा बक्कलपाशी दुमडला की सात मिमी होतो. दुमडायचं टोक आतून तासून दोन मिमीवर आणलं तर एकूण साडेपाच, आणि त्याला पाच मिमीची नळी बरोबर. नळी चामड्यापेक्षा साधारण अर्धा मिमी आखूड हवी. ती लांब असेल तर स्क्रू पूर्ण आवळला तरी चामडं दाबलं जात नाही आणि सगळं गोल फिरत राहतं. अशा वेळी आत चामड्याची बारीक चकती घाला किंवा नळीचं तोंड कानशीने कमी करा. कानस मारल्यावर स्क्रू एकदा आत-बाहेर फिरवून आट्यांतला कीस काढा. जाडी अंदाजाने धरू नका, व्हर्नियर कॅलिपरने मोजा.

दुसरं कारण भोक. पाच मिमी व्यासाच्या नळीला साडेचार मिमीचा पंच पुरतो, नळी दाबूनच आत जायला हवी. भोक मोठं असेल तर आवळताना नळीही सोबत फिरते. मागच्या डोक्याला खाच असलेला स्क्रू मिळाला तर तोच घ्या, दोन स्क्रू ड्रायव्हरनी दोन्हीकडून धरता येतो. गुळगुळीत डोकं असेल तर रबराच्या तुकड्यावर जोरात दाबून धरा. पकडीने धरलं की डोक्यावर ओरखडे ठरलेले.

तिसरं, आणि याकडेच दुर्लक्ष होतं: नवं चामडं वापरात दबतं. आज घट्ट बसलेला स्क्रू आठवड्याभराने पाव फेरा सैल झालेला असतो. म्हणून आधी आठवडाभर पट्टा वापरा, पुन्हा आवळा, आणि मगच आटे पक्के करा.

पक्के कशाने करायचे? नेलपॉलिश स्वस्त आहे, घरात असतं आणि सहज सुटतं. हलक्या कामाला पुरे, पण रोजच्या पट्ट्यात फार दिवस टिकत नाही. फेव्हिक्विकसारखा गोंद ठिसूळ. तो धक्क्याने तडकतो किंवा इतका धरतो की खाच झिजते, शिवाय कडेने पांढरा थर उमटतो. लॉकटाइटसारखं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारं द्रव, सगळ्यात चांगलं, मात्र रंग बघून घ्या. जांभळं २२२ या बारीक आट्यांसाठी योग्य, निळं २४३ जरा जास्त धरतं. लाल नकोच: ते सोडवायला सुमारे २५० अंश उष्णता लागते आणि त्याच्या कितीतरी आधी चामडं आकसून करपतं.

थ्रेडलॉकर लावण्याआधी स्क्रू आणि नळी चामड्याबाहेर काढून ॲसिटोनने पुसा. चामड्यावर ॲसिटोन सांडलं तर रंग उडतो. टूथपिकच्या टोकाने स्क्रूच्या शेवटच्या दोन-तीन आट्यांना पुसट थर द्या. हे द्रव हवा नसलेल्या जागी, धातूच्या सान्निध्यात घट्ट होतं. म्हणजे बाहेर सांडलेलं ओलंच राहतं आणि चामड्यावर तेलकट डाग पाडतं. चोवीस तास पट्टा वापरू नका. पितळेत ते लवकर धरतं, स्टेनलेस किंवा निकेल चढवलेल्या स्क्रूत वेळ लागतो.

खरेदी करताना भरीव पितळ किंवा स्टेनलेस मागा. मुलामा दिलेलं लोखंड स्वस्त पडतं, पण मुलामा झिजला आणि पावसाळ्यात घामाची ओल लागली की सालीने कमावलेल्या चामड्यातलं टॅनिन लोखंडाशी जुळतं. मग भोकाभोवती काळा डाग पडतो, तो धुऊन जात नाही.

एका बक्कलला एक स्क्रू कधीच पुरत नाही. पट्टा त्याच्याभोवती फिरतो आणि तो आपोआप उलगडतो. बक्कलच्या दोन्ही अंगांना मिळून निदान दोन हवेत.